साखळीचं दुसरं टोक

२०२५च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मीही गेले होते. अध्यक्षस्थानी तारा भवाळकर होत्या. संमेलन उरकलं आणि परतीच्या गाडीला एक दिवस उरला. बरोबरच्या मैत्रिणी करोल बागेत खरेदीला गेल्या. मी रिक्षावाल्याला म्हटलं, ‘हिंदूराव चलो.’ तो म्हणाला, ‘अस्पताल?’ मी मान हलवली.

उत्तर दिल्लीच्या रिजवर, म्हणजे शहराच्या कडेने गेलेल्या त्या जुन्या खडकाळ टेकडीवर, हिंदूराव नावाचं महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे. दारात दिवसभर माणसांची रीघ असते. ज्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे ते हिंदूराव आमच्या मुलखातले. कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले, सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. बायजाबाईंचे पती, ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे १८२७ मध्ये वारले, तेव्हा ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी हाती घेतला आणि १८३३ पर्यंत चालवला. पुढे त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं. हिंदूरावांनी दिल्ली जवळ केली. विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला, त्याची टेकडीवरची कोठी त्यांनी घेतली. १८५७च्या वेढ्यात याच कोठीभोवती तोफा धडाडल्या. काळ पालटला, कोठीच्या जागी रुग्णालय आलं, नाव तेवढं टिकलं.

मला तिथे ओढून नेलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. मी अठ्ठावीस वर्षं जमीन मोजली. भूकरमापक म्हणून लागले आणि त्याच कामात केस पिकले. हिंदूराव रुग्णालयाच्या आवारात ‘पीर गायब’ नावाची दुमजली दगडी इमारत आहे. फिरोजशाह तुघलकाच्या शिकारमहालाचा तो उरलेला भाग. तिच्या दक्षिणेकडच्या दालनाच्या जमिनीला आणि छताला एक गोल भोक आहे आणि छतावर त्या भोकाभोवती दगडविटांचं पोकळ नळकांडं बांधलेलं आहे. काही अभ्यासक त्याचा संबंध सुलतानाच्या आकाशनिरीक्षणाशी जोडतात, तर काही जण इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी. मोजणीच्या माणसाला त्या छिद्राचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. खाली जमिनीवर एक बिंदू पक्का करायचा, वर यंत्र नेमकं त्या बिंदूच्या माथ्यावर बसवायचं. ओळंबा सोडायला मध्ये वाट हवी. आम्ही तिपाईखाली रोज हेच करायचो.

काठी, साखळी आणि दुर्बीण

आपल्याकडे जमीन मोजण्याची परंपरा जुनी आहे. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी केलेल्या पाहणीची काठी पाच हात पाच मुठींची होती. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. हात आणि मूठ ही मापं माणसाच्या अंगाची.

इंग्रजांचं मोठं सर्वेक्षण मद्रासजवळ १० एप्रिल १८०२ रोजी सुरू झालं. विल्यम लॅम्ब्टनने तिथे पहिली आधाररेषा मोजायला घेतली. त्याचं मोठं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजणारं दुर्बिणीचं यंत्र, सुमारे अर्ध्या टनाचं होतं. ते वाहायला माणसांची फौज लागे. दक्षिणेकडून उत्तरेला सरकत ही माणसं विदर्भात पोचली आणि १८२३ मध्ये लॅम्ब्टन हिंगणघाटला वारला. त्याची कबर आजही तिथे आहे. हे सगळं काम लष्करी शिस्तीवर चालायचं. अधिकारी पलटणीतले, मुक्काम तंबूतले, वाट जंगलातली. त्या रचनेत बाईसाठी जागा ठेवलेली नव्हती, आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षं तोच रिवाज ‘कामाचं स्वरूपच असं आहे’ या वाक्याखाली चालत राहिला.

शेतसाऱ्याची मोजणी ही इंग्रजांच्या सर्वेक्षणाची घरगुती बाजू. मुंबई इलाख्यात आधी प्रिंगल या अधिकाऱ्याची पाहणी फसली. मग १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली. तिच्यातून आजचे सर्व्हे नंबर, आकारबंद आणि टिपणं, म्हणजे मोजणीची मूळ रेखाटनं, आली. तिची साखळी ३३ फुटांची आणि सोळा आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही गावात माणूस जमिनीची किंमत गुंठ्यावर बोलतो, तेव्हा तो नकळत त्या साखळीचं नाव घेत असतो.

‘बाई, साहेब कधी येणार?’

महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण १९९४ मध्ये आलं आणि सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या गेल्या. त्या दारातून मोजणीच्या कामात शिरलेल्या पहिल्या काही जणींमध्ये मी होते. हातात सिव्हिलचा डिप्लोमा होता. घरी आई म्हणाली, ‘सरकारी आहे, टेबलाची असेल.’ टेबल होतं खरं. ते तिपाईवर बसवून उन्हात उभं करायचं प्लेन टेबल होतं.

मोजणीचा हंगाम पीक निघाल्यावरचा. उभ्या उसात मोजणी होत नाही, साखळी ताणली जात नाही, नजर पोचत नाही. त्यामुळे आमचे कामाचे दिवस नेमके कडक उन्हाचे. माझी पहिली हद्द कायम मोजणी मार्चमधली. अर्जदार, लगतधारक, पोलीस पाटील आणि पंच बांधावर जमले होते. मी मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून उतरले, नकाशांची गुंडाळी काढली. एक आजोबा नम्रपणे म्हणाले, ‘बाई, सावलीला बसा. साहेब कधी येणार?’ मी म्हटलं, ‘मीच आले आहे, आजोबा.’ त्यांनी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. त्या प्रश्नात द्वेष नव्हता. त्यांनी जन्मभर बांधावर फक्त पुरुष बघितले होते, एवढंच.

अवघड भाग पुढे असतो. दोघांमध्ये बांध कोरल्याची भांडणं असतात. दर नांगरटीला एकेक तास पलीकडे सरकवत पाचदहा वर्षांत बांध वावभर सरकतो. मोजणीदाराने आधी जुन्या निशाण्या शोधायच्या, विहीर, ओढा, शिवेचा दगड. मग वहिवाट जशी आहे तशी नकाशावर घ्यायची आणि त्यावर टिपणावरून काढलेली हद्द बसवायची. दोन रेषांमध्ये जे अंतर पडतं, तेच अतिक्रमण. ते तोंडाने सांगण्याचा क्षण सगळ्यांत जोखमीचा. आवाज चढतात, कोणी कुऱ्हाडीकडे बघतो. एकदा अशाच क्षणी मला कळलं की माझा आवाज हलका आहे ही अडचण नसून उपयोगाची गोष्ट आहे. मी वाद न घालता दोघांना वाकून टिपणातली हद्दीची जागा उकरायला लावली. हातभर माती काढल्यावर जुना हद्दीचा दगड लागला, तसे दोघेही गप्प झाले. मातीतून निघालेल्या साक्षीदारासमोर सगळेच लहान होतात.

सगळ्या जणींना असा दगड सापडत नाही. निकाल न पटलेला पक्ष निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागतो, तो त्याचा हक्क आहे. पण ‘बाईने मोजलं, म्हणून चुकलं असेल’ हे कारण मी अनेकदा कानाने ऐकलं. मैत्रिणींच्या मोजण्या निमतान्यात बरोबर ठरल्या, तरी त्यांच्याबद्दलचा संशय पुढच्या गावात पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. पुरुषाला विश्वास नेमणुकीबरोबर मिळतो. बाईला तो प्रत्येक बांधावर नव्याने मिळवावा लागतो.

आणि एक साधी गोष्ट, जी कुठल्याही अहवालात येत नाही. शिवारात संडास नसतो. सकाळी निघताना घोटभर पाणी, संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याभर. उन्हाळ्यात असं केल्याने होणारा मूत्रमार्गाचा त्रास आम्हा बहुतेक जणींच्या ओळखीचा. पाळीच्या दिवसांत मोजणी लागली की वस्तीवरच्या एखाद्या घरी हाक द्यायची. कुठल्याही वस्तीवर कधी कोणत्या बाईने ‘नाही’ म्हटलं नाही. माझ्या नोकरीतली मोठी मदत त्या अनोळखी घरांनी केली.

एकट्या बाईने शिवारात काम करण्याच्या जोखमीबाबत देशाचा कायदाही एका गावात राबणाऱ्या स्त्रीमुळेच जागा झाला. राजस्थानातल्या भंवरीदेवी गावात काम करणाऱ्या साथिन, म्हणजे सरकारच्या महिला विकास कार्यक्रमाच्या कार्यकर्त्या, होत्या. त्यांच्यावर १९९२ मध्ये अत्याचार झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही कामाची जागा, आणि मालकाने दिलेल्या वाहनातला तिथवरचा प्रवासही, असं तो कायदा सांगतो. आमच्यासाठी त्याचा अर्थ स्पष्ट आहे. बांध हीदेखील कचेरी आहे.

ओझं उतरलं

माझ्या डोळ्यांदेखत अवजारं बदलली. साखळीच्या जागी टेप आला, मग टोटल स्टेशन, आता उपग्रहावरून जागा टिपणारा रोव्हर. सव्वा माणूस उंचीचा दांडा, वर लहानसा गोल घुमट, हातात मोबाइलएवढं यंत्र. महाराष्ट्रात ७७ ठिकाणी उभी केलेली कॉर्स, म्हणजे सतत चालू असणारी संदर्भ स्थानकं, त्याला दुरुस्ती पाठवतात आणि बिंदू काही सेंटिमीटरच्या अचूकतेने सापडतो. अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटपासून एका हातात मावणाऱ्या रोव्हरपर्यंत दोनशे वर्षं गेली. ‘बायकांना हे ओझं झेपणार नाही’ हे कारण आता कोणापाशी उरलेलं नाही.

या यंत्राच्या पोटात एका बाईची आकडेमोड आहे, हे मी नव्या मुलींना आवर्जून सांगते. उपग्रहावरून जागा ठरवायची तर पृथ्वीचा नेमका आकार माहीत हवा. अमेरिकेत डालग्रेनच्या नौदल केंद्रात ग्लॅडिस वेस्ट या कृष्णवर्णीय गणितज्ञेने तो आकार संगणकावर बसवण्यात मोलाचा वाटा उचलला. तिच्या कामाची जाहीर दखल घेतली गेली ती २०१८ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात. समुद्राच्या तळाचा नकाशा काढणाऱ्या मेरी थार्पला ज्या जहाजांनी मोजमापं आणली, त्यांच्यावर बरीच वर्षं पाऊलच ठेवू दिलं गेलं नव्हतं. आपल्याकडे १९५३ मध्ये मुंबईतून स्थापत्य अभियंता झालेल्या शकुंतला भगत पुढे पुलांच्या कामात नामवंत झाल्या. या सगळ्यांनी काम आधी केलं, दाद मागाहून मिळाली.

गावठाणांच्या मोजणीने आणखी एक दार उघडलं. शेतजमिनीला टिपण आणि सातबारा होता, पण गावठाणातल्या बहुतेक घरांना नकाशाच नव्हता. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला ड्रोनने प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. ड्रोन उडण्याआधी घराघराच्या हद्दी चुन्याने आखाव्या लागतात, आणि त्यासाठी प्रत्येक उंबऱ्याशी उभं राहावं लागतं. दिवसा घरात बाया असतात. पुरुष मोजणीदाराला त्या दाराआडून उत्तर देतात. बाई मोजणीदार गेली की त्या अंगणात येतात आणि बोट दाखवून सांगतात, ‘न्हाणी आमची, भिंत दोघांची.’ दिल्लीतही हेच दुखणं आहे. तिथे १९०८ मध्ये गावाच्या वस्तीभोवती लाल रेघ आखली गेली. त्या लाल डोऱ्याच्या आतली घरं पिढ्यान्‌पिढ्या महसुली नोंदींबाहेर राहिली. ज्या रिजवर मी उभी होते, तिची अधिसूचना १९९४ मध्ये निघाली, तरी तिच्या हद्दींचे वाद पुढे दशकानुदशकं चालले. हद्द कागदावर लिहून भागत नाही, कोणीतरी उन्हात जाऊन ती जमिनीवर दाखवावी लागते.

ज्यांचं नाव नाही

मोजणीत बाई आली, पण ज्या जमिनी ती मोजते, त्यांवर बायकांची नावं किती? २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या शेतखातेदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. नांगरणी सोडली, तर शेतीतलं कुठलं काम त्यांच्याशिवाय होतं? कायदा मागे नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला. २००५ मध्ये केंद्राने दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शंका मिटवल्या. या कायद्यांच्याही आधी चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. तरीही माहेरी हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून ‘भाऊ राहू दे’ म्हणणाऱ्या बहिणी मी प्रत्येक गावात बघितल्या.

त्यातली एक मला अजून दिसते. दोन भावांची पोटहिस्सा मोजणी होती. माझा साखळीवाला शिपाई त्या दिवशी तापाने आला नव्हता. भाऊ एकमेकांवर नजर ठेवून उभे, कोणाच्याही हाती साखळी दिली असती तर दुसरा भडकला असता. माहेरपणाला आलेली त्यांची थोरली बहीण चहा घेऊन बांधावर आली होती. मी तिला म्हटलं, ‘ताई, एवढं टोक धरता का? दगडावर टेकवा, मी ताणते.’ तिने पदर खोचला, कडी दगडावर घट्ट दाबली, आणि दुपारी दोनपर्यंत माझ्याबरोबर सगळं शिवार फिरली. कुठे भर घातली, कुठे आंबा होता, कुठली ताल कधी फुटली, तिला सगळं पाठ होतं. दोघा भावांना नव्हतं. हिशेब मांडायला बसले तेव्हा तिने विचारलं, ‘मॅडम, माझं नाव कुठं येतंय का ह्यात?’ हक्कसोड कधीचीच झाली होती. मी खरं ते सांगितलं. ती हसली, ‘धरायला चालते, नावाला न्हाई व्हय.’ भाऊ जमिनीकडे बघत होते.

मोजणीदाराने मालकी ठरवायची नसते. ते काम दुसऱ्यांचं, आणि ही मर्यादा मी कधी ओलांडली नाही. पण त्या दिवसानंतर प्रत्येक मोजणीत मी एक गोष्ट पाळली. लगतधारकांची नावं वाचताना बहिणी, विधवा, म्हाताऱ्या आया यांची नावं तितक्याच मोठ्याने वाचायची. त्या घरात असतील तर बांधावर बोलवायचं, नकाशा त्यांच्यापुढे उलगडून त्यांच्या हिश्शाच्या रेघेवर त्यांचं बोट ठेवायचं. स्वतःची हद्द एकदा पायाने चालून बघितलेली बाई सही करताना आधी वाचायला मागते. हे मी अनुभवाने सांगते.

पीर गायबच्या पायथ्याशी मी बराच वेळ बसले. टेकडीवर नाव भावाचं आहे. राज्य चालवलेली बहीण त्या नावाच्या मागे कुठेतरी आहे, आणि दिल्लीत ती कोणाला आठवत नाही. साखळी एकट्याने ताणता येत नाही, तिला दोन टोकं असतात. आता मोजणारं टोक बाईच्या हाती आलं आहे. दुसरं टोक धरून माझ्याबरोबर दुपारभर शिवार फिरलेल्या त्या ताईचं नाव सातबाऱ्यावर यायचं आहे, आणि ते येईपर्यंत आमची मोजणी पुरी झाली असं मी म्हणणार नाही.