पशुरोगांचे प्रयोगशालेय निदान

आजारी वा मृत जनावराचे रक्त, दूध, शेण, नासास्राव किंवा ऊतक (समान पेशींचा समूह) यांची तपासणी करून रोगाचे कारण निश्चित करणे, यास प्रयोगशालेय निदान म्हणतात. जनावरास व्यथा सांगता येत नाही व भिन्न रोगांची लक्षणे पुष्कळदा सारखी असतात. त्यामुळे केवळ लक्षणांवरून केलेले निदान बव्हंशी तर्क असतो. तथापि प्रयोगशाळेचा निष्कर्ष तिच्याकडे आलेल्या नमुन्याहून अधिक विश्वसनीय असू शकत नाही.

गोंदिया जिल्ह्यात ही बाब विशेष जाणवते. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी निर्माण झालेला हा जिल्हा धानाचा व तलावांचा आहे. माजी मालगुजारी तलाव आणि पाणी साचलेल्या बांध्या यांत गोड्या पाण्यातील गोगलगायी वाढतात, व त्यांच्या शरीरात पर्णकृमींच्या डिंभावस्था पार पडतात. काठावरचे गवत खाताना किंवा पाणी पिताना कृमी जनावराच्या पोटात जातात. यकृतातील पर्णकृमींमुळे जनावर खंगते, रक्तक्षय होतो व जबड्याखाली सूज येते. शेण पाण्यात कालवून, गाळून तळाशी बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता अंडी दिसतात. यकृतातील कृमीचे अंडे पिवळसर, तर जठरातील शंकूच्या आकाराच्या कृमीचे जवळजवळ रंगहीन असते. गोलकृमींची अंडी हलकी असल्याने मिठाच्या संपृक्त विद्रावावर तरंगतात. पर्णकृमींची जड अंडी या पद्धतीने सहसा सापडत नाहीत.

शेणात अंडी नाहीत म्हणजे कृमी नाहीत, असे मात्र नव्हे. यकृतातील कृमी संसर्गानंतर सुमारे तीन महिन्यांनी अंडी घालू लागतो. जठरकृमींची अपक्व पिले लहान आतड्यात असताना तीव्र हगवणीने जनावर दगावते, तरी शेणात एकही अंडे आढळत नाही. अशा वेळी शवविच्छेदन किंवा पातळ शेणात वाहून आलेल्या पिलांचा शोध हाच आधार असतो. तलावांच्या प्रदेशांत आढळणाऱ्या नाकाच्या रक्तपर्णकृमीचे (ज्यामुळे जनावर घोरते) बाकदार अंडे तर शेणात नव्हे, नाकाच्या शेंबडात शोधावे लागते.

पावसाळ्यात म्हशींना होणाऱ्या घटसर्पात अवधी फारच थोडा असतो. पुष्कळदा एका दिवसात मृत्यू येतो. रक्ताचा पातळ लेप काचपट्टीवर वाळवून रंजित केल्यास दोन्ही टोकांना गडद रंग घेतलेले सूक्ष्मजंतू दिसतात. प्रतिजैविक टोचल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात ते बहुधा मिळत नाहीत. म्हणून नमुना आधी व औषध नंतर, हा क्रम पाळणे इष्ट. शव कुजू लागले असल्यास पायाचे लांब हाड न फोडता पाठवितात, कारण त्यातील मगज उशिरा सडतो. काळपुळीचा (फाशीचा) संशय असल्यास मात्र शव उघडू नये. हवेच्या संपर्काने जंतूंची बीजुके बनतात व ती जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. कानाच्या शिरेतील रक्ताचा लेप पुरतो.

लेपाची तपासणी स्थानिक दवाखान्यातही शक्य आहे. जंतुसंवर्धन, रक्तरस परीक्षा इत्यादींसाठी नागपूर येथील पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना १९५८) किंवा पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभाग यांसारख्या संस्थांकडे जावे लागते. नमुना बर्फात ठेवून न्यावा. मात्र रक्त गोठवल्यास तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रक्तरस आधी वेगळा करावा लागतो. जंतुसंवर्धनासाठीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये घातल्यास तो निरुपयोगी होतो. ही चूक क्षुल्लक वाटली, तरी तिच्यामुळे सारा प्रवास वाया जातो. अतिसांसर्गिक विषाणुजन्य रोगांसाठी भोपाळ येथे उच्च सुरक्षा प्रयोगशाळा असून २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथील कोंबड्यांच्या बर्ड फ्ल्यूचे निदान तेथेच झाले.

रक्तरसातील प्रतिपिंडे रोगाने आली की लसीने, हे साध्या परीक्षांवरून बहुधा सांगता येत नाही. त्यामुळे दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन प्रतिपिंडांतील वाढ पाहतात. बुळकांड्या रोगाच्या उच्चाटनात, लसीकरण थांबविल्यानंतर जन्मलेल्या जनावरांचे रक्तरस म्हणूनच महत्त्वाचे ठरले. त्यांत प्रतिपिंडे नसणे हा विषाणू उरला नसल्याचा पुरावा होता. भारत २००६ मध्ये व जग २०११ मध्ये या रोगापासून मुक्त घोषित झाले. पॉलिमरेज शृंखला विक्रियेने आता विषाणूचा अत्यल्प अंशही ओळखता येतो. परंतु या परीक्षेलाही जनावराचे वय, आजाराचे दिवस, दिलेली औषधे व लसी यांची नोंद नमुन्यासोबत असावी लागते.