प्रकाशचित्रांची पेढी आणि शेलारचे माग

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यानें नदीनाका मागें टाकला कीं शेलार गांव लागतें. यंत्रमागांचा खडखडाट येथें दिवसरात्र कानांवर असतो. पत्र्याच्या छपराखालीं धोटा इकडून तिकडे धांवत असतो, कांड्या भरल्या जात असतात आणि मागाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या केंसांवर कापसाचे पांढरे तंतु बसलेले असतात. अशा कारखान्याचें प्रकाशचित्र गांवांतल्याच एखाद्या तरुणानें काढलें, तर त्यास गिऱ्हाईक मिळेल काय, हा प्रश्न आतां हास्यास्पद राहिलेला नाहीं. दूर देशीं भूगोलाचें पाठ्यपुस्तक छापणाऱ्या प्रकाशकास किंवा कापडाच्या व्यापारावर लेख लिहिणाऱ्या संपादकास नेमकें तेंच चित्र हवें असतें. या दोघांची गांठ घालून देणारी संस्था म्हणजे चित्रांची पेढी. व्यवहारांत तिला स्टॉक एजन्सी म्हणतात.

कल्पना अगदींच नवी नव्हे. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली, आणि १८५६ ते १८५८ या काळांत जॉन्सन व हेंडरसन यांनीं ‘दि इंडियन अ‍ॅमेच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ दरमहा काढून त्यांत इमारतींचीं आणि निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचीं प्रकाशचित्रें डकवून विकलीं. त्यांतलीं माणसें बहुधा नांवानें नव्हे, तर जातीनें किंवा धंद्यानें ओळखविलेलीं आहेत. या गोष्टीकडे पुढें पुन्हा यावयाचें आहे. १९३५ सालीं जर्मनी सोडून न्यूयॉर्कला गेलेल्या ऑटो बेटमन यांनीं बरोबर नेलेल्या पेट्यांतील चित्रांवर एक विख्यात संग्रह उभा केला. मुंबईंत जगदीश अगरवाल यांनीं १९८७ मध्यें दिनोदिया ही पेढी काढली. तथापि हौशी माणसास या व्यापाराचें दार खऱ्या अर्थानें उघडलें तें कॅनडांतील आयस्टॉकफोटो २००० सालीं व न्यूयॉर्कची शटरस्टॉक २००३ सालीं निघाल्यावर. घरबसल्या संगणकावरून चित्र धाडावें, परीक्षकानें तें तपासावें आणि पसंत पडल्यास मांडणींत ठेवावें, अशी ही रीत आहे.

‘चित्र विकलें’ या शब्दप्रयोगानें मात्र मोठा घोटाळा होतो. चित्राची मालकी काढणाऱ्याकडेच राहते. विकली जाते ती तें वापरण्याची परवानगी, आणि तीही एकास नव्हे, अनेकांस. घर भाड्यानें द्यावें तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें एकाच खोलींत शंभर भाडेकरू एकाच वेळीं सुखानें राहूं शकतात. भाडें अर्थात् त्याच मानानें अल्प. शटरस्टॉकनें १ जून २०२० पासून जी पद्धति घातली, तींत चित्रकाराचा वांटा वर्षांतील खपाप्रमाणें १५ पासून ४० टक्क्यांपर्यंत चढतो आणि दर जानेवारींत पुन्हा तळाच्या पायरीवर येतो. एका खेपेस कमींत कमी मोबदला दहा सेंट ठरला. त्या दरानें एखादें चित्र शंभर वेळां उचललें गेलें, तर हातीं दहा डॉलर येतात. अ‍ॅडोबी स्टॉक या पेढीनें प्रकाशचित्रांस ३३ टक्के वांटा ठेविला आहे. चांगली नोकरी सोडून कोणी या उद्योगामागें लागावें असे हे आंकडे खचित नव्हेत.

उपकरणाची अडचण फारशी नाहीं. या दोन्ही पेढ्या निदान चाळीस लक्ष बिंदूंचें, म्हणजे चार मेगापिक्सेलचें, चित्र मागतात, आणि तेवढें साध्या मोबाइलांतही निघतें. अडचण उजेडाची आहे. मागाच्या शेडमध्यें उजेड मंद आणि यंत्र वेगवान. कॅमेरा आपली संवेदनक्षमता वाढवितो आणि चित्रभर रवाळपणा पसरतो. परीक्षक चित्र पूर्ण आकारांत उलगडून पाहतो, त्यामुळें हा दोष लपत नाहीं. सकाळीं दाराजवळचा माग निवडावा, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा. धोटा धूसर आला तरी चालेल. माणसाचा चेहरा व हात रेखीव पाहिजेत.

पुढचें काम नांव देण्याचें, आणि खरी कसोटी येथेंच लागते. शटरस्टॉकला प्रत्येक चित्राबरोबर सातपासून पन्नासपर्यंत शोधशब्द लागतात. बाहेरून आलेला प्रवासी यंत्रमागास बेधडक ‘हातमाग’ म्हणून मोकळा होतो, आणि ती चूक कोणाच्या तरी पाठ्यपुस्तकांत छापली जाते. शेलारच्या मुलास ताणा कोणता, बाणा कोणता, बीम कशाला म्हणतात आणि सूत साइझिंगला कां जातें, हें सांगावें लागत नाहीं. हेंच त्याचें भांडवल. मावळत्या सूर्याचीं आणि गुलाबाचीं चित्रें पेढ्यांत लक्षावधि पडून आहेत. शिवाय आतां शब्दांवरून चित्र रचणारीं यंत्रें निघालीं आहेत. हंसतमुख कारकुनाचें चित्र हवें असेल, तर कॅमेऱ्याचीही गरज उरलेली नाहीं. पण अशा यंत्रानें काढलेल्या मागावरचा धागा कोठून निघून कोठें जातो, हें कोणा विणकरास विचारून पाहावें! अ‍ॅडोबीनें २०२३ सालीं पुढें आणलेलें फायरफ्लाय नांवाचें यंत्र त्याच पेढींतल्या चित्रांवर शिकविलेलें आहे. तेव्हां चित्र ठेवण्यापूर्वीं करारांतील हें कलम वाचून घेणें इष्ट.

कायद्याची एक बाब अनेकांस ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या प्रकाशचित्राचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, तो सांगणाराच असतो. लग्नाचीं किंवा व्यापाऱ्याच्या साड्यांचीं चित्रें काढणाऱ्यानें तीं परस्पर पेढींत ठेवूं नयेत. कापडावरील नक्षी व गांठोड्यावरील छाप हींही दुसऱ्याची मालमत्ता असूं शकतात; जाहिरातीसाठीं द्यावयाच्या चित्रांत तीं येऊं देऊं नयेत. कराचें म्हणाल, तर अमेरिकन पेढीकडे डब्ल्यू-८ बेन हा तक्ता भरून दिला म्हणजे तिकडील विक्रीच्या उत्पन्नावरील कपात तीस टक्क्यांऐवजीं पंधरा टक्के होते.

राहतां राहिला चित्रांतला माणूस. ओळखूं येणाऱ्या व्यक्तीचें चित्र जाहिरातीस द्यावयाचें, तर पेढी तिच्या सहीचें संमतिपत्र मागते; तें नसेल, तर स्थळ व तारीख नमूद करून चित्र केवळ वृत्तलेखनासाठीं ठेवतां येतें. भिवंडीच्या मागांवर उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणांतून आलेले पुष्कळ कामगार आहेत, आणि संमतिपत्र बहुधा इंग्रजींत असतें. ज्या चेहऱ्यावर सही घेतली, तो उद्यां एखाद्या औषधाच्या जाहिरातींत रोगी म्हणून झळकूं शकतो. कोठें झळकला, हें कळविण्यास कोणी शेलारला येत नाहीं. म्हणून तो कागद कामगाराच्या भाषेंत वाचून दाखवावा, संभाव्य उपयोग उदाहरणें देऊन सांगावेत, पैसे काय मिळतील आणि त्यांतून त्यास काय द्यावयाचें, तें आधीं ठरवावें. मालकाच्या समोर सही मागूं नये, कारण तेथें नाहीं म्हणणें कठीण असतें. त्यानें नकार दिल्यास मागाचें व हातांचें चित्र घ्यावें, चेहरा सोडावा. होकार दिल्यास संमतिपत्राची एक प्रत आणि चित्राची एक चांगली छापील प्रत त्याच्या हातीं द्यावी. ती तो पुढच्या खेपेस गांवीं घेऊन जाईल.