आजार आईचा, शिक्का मुलावर

कामठ्यासारखं गाव असो वा नागपूरसारखं शहर, आईला स्किझोफ्रेनिया असला की शाळेत पोराला ‘वेडीचा पोरगा’ म्हणून चिडवतात आणि पुढे सोयरीक जुळवताना ‘घराण्यातच आहे’ असं कुजबुजतात. आनुवंशिक धोका खोटा नाही. पण पालकांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण १० टक्के, म्हणजे दहांतल्या नऊ मुलांना तो होत नाही. ‘लग्नाआधी चौकशी केली तर काय बिघडलं?’ हा प्रश्न वरकरणी रास्त आहे. मात्र अशा चौकशीच्या धास्तीनं घरचे आजार लपवतात, उपचार लांबतात आणि आईच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणं मुलाच्या गळ्यात पडतं. चौकशीपेक्षा उपचारानं दोन्ही घरांचं भलं होतं. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येतं.