परमुलखातील पोलीस आणि प्रवासी

परमुलखात अडचण आली की पोलिसाकडे धाव घ्यावी, असे आपण मानतो. परंतु वाट अडविणारा पोलीसच असला तर?

लाचखोरी हा केवळ स्वभावदोष नव्हे. तिचे मूळ पुष्कळदा व्यवस्थेत असते. जॉर्जिया देशाचेच उदाहरण घ्या. तेथील वाहतूक पोलिसांचा पगार तुटपुंजा असे, आणि रस्त्यावर उकळलेल्या पैशाचा वाटा वरपर्यंत पोहोचे. २००३ च्या सत्तांतरानंतर, २००४ साली, सरकारने ते सबंध दलच बरखास्त केले. नवी भरती केली आणि वेतन अनेक पटींनी वाढविले. थोड्याच वर्षांत रस्त्यावरची लाच जवळजवळ नाहीशी झाली.

सर्वत्र असे घडलेले नाही. म्हणून प्रवाशाने काही पथ्ये पाळावीत. दंड मागितल्यास नम्रपणे पावती मागावी. नोंद होणार म्हटले की लाचखोराचा धीर पुष्कळदा सुटतो. साध्या वेषातील कोणी 'पोलीस' नोटा तपासण्यासाठी पाकीट मागू लागला, तर तो तोतया असण्याचा संभव फार. पाकीट न देता ठाण्यावर चलण्यास सांगावे. शस्त्र दिसल्यास मात्र हुज्जत घालू नये. पैशापेक्षा प्राण मोलाचा. थायलंडात पर्यटकांसाठी निराळे पोलीस असून त्यांचा दूरध्वनी ११५५ आहे.

अटक झालीच, तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम आठवावे. 'माझ्या वकिलातीला कळवा,' असे म्हणण्याचा अधिकार त्याने दिला आहे. आणि लाच देणे हाही गुन्हाच, हे विसरू नये.