ऐरोलीच्या खाडीपलीकडची महासत्ता

ज्यांना हेडफोन लावून चाळीस मिनिटं बसता येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना गडबडीत राहिलेली सनंही यात घातलीत.

विषय सुचला तो एका व्हॉइस नोटमुळे. ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये नाइट शिफ्ट करणारा आपला एक श्रोता. क्लायंट अमेरिकेतला, झोप भारतातली. तो म्हणतो, "अमेरिका खाली चाललीय, चीन वर येतोय, असं सगळे म्हणतात. माझ्या नोकरीचं काय? चिनी भाषा शिकायला घेऊ का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण बीजिंगला जाण्याआधी ऐरोली पुलावर जाऊ. मुलुंडकडे तोंड केलं की समोर खाडी आणि पलीकडे साष्टी बेट. वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचा सगळा पट्टा म्हणजे ही साष्टी. उजवीकडे, ठाण्याच्या दिशेला, एक किल्ला आहे. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, म्हणून आपण त्याला किल्ला म्हणतच नाही. एक महासत्ता जाऊन दुसरी येताना या खाडीने पाहिलंय.

पहिली महासत्ता पोर्तुगाल. १५१० मध्ये गोवा घेतलं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्यासोबत साष्टी, मुंबईची बेटं देऊन टाकली. अरबी समुद्रात जहाज हाकायचं तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यायचा. त्याला म्हणायचे कार्ताझ. परवाना नसेल तर जहाज जप्त. आज डॉलरशिवाय व्यवहार अडतो ना, तसंच काहीसं, फक्त तोफा दाखवून.

पण मूळ देश केवढा? लोकसंख्या जेमतेम दहा-पंधरा लाख, आणि ठाणी ब्राझीलपासून मकाऊपर्यंत. १५८० ते १६४० पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली होता, त्यामुळे स्पेनचे शत्रू तेही यांच्या बोकांडी बसले. १६२२ मध्ये होर्मुझ गेलं, १६४१ मध्ये मलाक्का, १६५० मध्ये मस्कत, १६६३ मध्ये कोची. घेणारे वेगवेगळे: कुठे इराणी आणि इंग्रज, कुठे डच, कुठे ओमानी.

मुंबई मात्र लढाईत गेली नाही, लग्नात गेली. १६६१ च्या करारानुसार राजकन्या कॅथरिनच्या हुंड्यात ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली. गोव्याचा व्हाइसरॉय ताबा द्यायला तयार नव्हता. इंग्रज मुंबईत बसले की त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला, असं त्याने आपल्या राजाला कळवलं होतं. राजाने ऐकलं नाही. १६६५ मध्ये ताबा दिला. आणि चार्ल्सला तरी या बेटांचं काय कौतुक? १६६८ मध्ये त्याने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली.

आता खाडीकडे परत. १७३० मध्ये पोर्तुगीजांनी ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला. काम अर्धवट असतानाच १७३७ च्या मार्चमध्ये मराठे खाडी ओलांडून आले. आतून माहिती आणि माणसं पुरवायला अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखे लोक होते, कारण वतनं आणि धर्म या दोन्हींवरून पोर्तुगीज राज्याबद्दल इथे राग साचलेला होता. ठाणं पडलं, साष्टी गेली. मग १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. सुरुंग लावून बुरूज उडवले, माणसं अतोनात मेली, आणि मे महिन्यात वसई शरण आली. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली ती मोठी घंटा याच मोहिमेतली, असं सांगतात.

इथवरची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते, आणि इथेच ती थांबवतात. मला मात्र या वेळी मुंबईतले इंग्रज काय करत होते ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

वसईतल्या पोर्तुगीजांनी त्यांच्याकडे मदत मागितली. इंग्रजांनी पंधरा हजार रुपये दिले. कर्जाऊ! तारण काय, तर चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा. वेढा चालू असताना बुरजावरच्या तोफा उतरवून गहाण ठेवल्या. वसई पडल्यावर दोनच महिन्यांत, जुलै १७३९ मध्ये, त्याच इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पांकडे धाडलं आणि पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळवली. घरी बसून त्यांनी मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायचं ठरवलं, त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. सुरतेचा जहाजबांधणी करणारा लवजी नसरवानजी वाडिया तर त्याआधीच, १७३६ मध्ये, मुंबईच्या गोदीत आणून ठेवला होता. कर्ज, करार, वर्गणी, गोदी. गोळी एकही झाडली नाही.

मग मराठ्यांनी इंग्रजांसाठी रस्ता मोकळा केला, असं म्हणायचं का? मला ते पटत नाही. १७३९ मध्ये समोर दिसणारा अन्याय पोर्तुगीजांचा होता, दहा पौंडांच्या भाडेकरूची धास्ती कोण घेणार? चूक पुढची आहे. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांशी वैर म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रावर इंग्रजांना सगळ्यांत जास्त सतावणारं मराठी आरमार ते हेच.

डिसेंबर १७७४. बातमी आली की पोर्तुगीज साष्टी परत घ्यायची तयारी करतायत. ते येण्याआधीच इंग्रजांनी ठाण्यावर हल्ला केला आणि किल्ला घेतला. म्हणजे जुनी महासत्ता आली नाहीच, तिच्या नावाने नवी आली. पुण्यात तेव्हा नारायणरावांच्या खुनानंतरचा गोंधळ होता. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, साष्टी नाही. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचं संरक्षण मान्य करणारा तह केला, तोही वसईतच.

हाच खेळ पुढे इंग्रजांवर उलटला. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मनीशी झुंजताना त्यांनी अमेरिकेकडून पन्नास जुन्या विनाशिका घेतल्या आणि बदल्यात आपल्या बेटांवर नाविक तळांसाठी जागा दिल्या. १९५६ मध्ये सुएझ प्रकरणात पौंड घसरू लागला, तेव्हा अमेरिकेने आधार द्यायचं नाकारलं आणि इंग्लंडला माघार घ्यावी लागली. हरवणारा जर्मनी नव्हता, तळ आणि पत घेऊन जाणारी अमेरिका होती.

आता आपल्या मित्राचा प्रश्न. तुलना जशीच्या तशी लागू होत नाही, हे आधीच सांगतो. अमेरिकेचं कर्ज तिच्याच चलनात आहे, वसईच्या कॅप्टनला चांदी छापता येत नव्हती. आणि अमेरिकन सरकारचे रोखे चीनपेक्षा जपानकडे जास्त आहेत. शिवाय पोर्तुगाल होर्मुझनंतर शंभर वर्षांहून जास्त काळ वसईत टिकून होता; त्या काळात इथल्या किती पिढ्यांनी त्यांच्याच वखारींत नोकऱ्या केल्या असतील.

म्हणून मित्रा, चिनी शिकायची हौस असेल तर जरूर शीक. पण बातम्या बघताना कोण कुणाला धमकी देतंय यापेक्षा बंदरं कोण बांधतंय, अडचणीतल्या देशाला कर्ज कोण देतंय आणि तारण काय घेतंय, तिकडे लक्ष ठेव. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं. पुढचा भाग त्यावरच करतोय. ऐरोलीतून आणखी कुणी ऐकत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, शिफ्ट संपल्यावर पाठवली तरी चालेल.