जंतूंची सुटणारी पकड

फणस चिरण्यापूर्वीं हाताला तेल लावतात. त्यानें चीक नाहींसा होत नाहीं. तो चिकटत नाहीं, इतकेंच. रोगजंतूंच्या बाबतींत रसायनशास्त्रज्ञ अशीच युक्ति योजूं पाहत आहेत.

मूत्राशयाचा दाह बहुधा एशेरिकिया कोलाय या जंतूमुळें होतो. कित्येक स्त्रियांना तर तो वरचेवर छळतो. या जंतूच्या अंगावर केसांसारखे तंतु असून त्यांच्या टोंकाशीं फिम-एच नांवाचें प्रथिन असतें. मूत्राशयाच्या पेशींवरील मॅनोज नामक शर्करेला तें धरून बसतें. नवल असें कीं, मूत्राच्या प्रवाहाची ओढ लागली म्हणजे ही पकड सुटण्याऐवजीं अधिकच आवळते!

मग या मुठींत आधींच दुसरी शर्करा कोंबली तर? मॅनोज मिसळल्यास हे जंतु मानवी पेशींना चिकटत नाहींत, असें १९७७ सालीं इस्रायलमधील नेथन शेरॉन प्रभृतींनीं दाखविलें. परंतु पोटांत घेतलेली नुसती मॅनोज दुबळी ठरते. ब्रिटनमध्यें ५९८ स्त्रियांवर सहा महिने प्रयोग झाला. दाह पुन्हां उद्भवणें तिनें टळत नाहीं, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. तिच्या पुड्या विकत घेणाऱ्यांनीं हें ध्यानीं ठेवावें.

म्हणून शास्त्रज्ञ त्या शर्करेला कार्बनची शेपटी जोडतात. प्रथिनाच्या खांचेच्या तोंडाशीं टायरोसिनचे दोन खांब आहेत. त्यांच्यामध्यें ती बसली कीं पकड शेंकडों पटींनीं घट्ट होते. असे रेणु २०११ सालीं उंदरांना तोंडावाटें दिले, तेव्हां मूत्राशयांतील जंतु घटले. येथें जंतु मारावयाचा नसतो. सुटलेला जंतु मूत्राबरोबर वाहून जातो.