घरांत नवा फोन आणावा काय?

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक प्रश्न निघाला आणि तो सुटावयास आषाढ उजाडला. प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक होता. आमच्या धाकट्या पुतण्याजवळ बटणांचा साधा मोबाइल होता; तो बाजूस ठेवून त्यानें स्मार्टफोन घ्यावा कीं नाहीं, एवढाच. आजच्या दिवसांत असा प्रश्न एखाद्या घरास पडावा याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. म्हणून आधींच सांगतों कीं, मुलगा कांहीं अडाणी नाहीं. चार वर्षांपूर्वीं परीक्षेच्या सुमारास आपला स्मार्टफोन त्यानें आपण होऊन आईच्या हवालीं केला होता. परीक्षा झाली, नोकरी लागली, तरी तो त्यानें परत मागितला नाहीं. आणि आम्ही वडील मंडळी चारचौघांत त्याचें कौतुक करीत राहिलों. आतां तोच म्हणूं लागला, "काका, या फोनावर माझें भागत नाहीं."

कारणें त्यानें दोन सांगितलीं. एक रोजचा प्रवास, दुसरें गाणें.

प्रवासाचें कारण कळावें म्हणून आमचें गांव कोठें आहे हें सांगितलें पाहिजे. जूचंद्र हें वसई तालुक्यांतील, नायगांव स्टेशनच्या पूर्वेस असलेलें जुनें गांव. रांगोळीकारांचें गांव म्हणून त्याची ख्याति आहे, आणि टेकडीवरील चंडिकादेवीच्या दर्शनास लांबलांबचीं माणसें येतात. आमच्यासारखीं कुटुंबें येथें मागाहून, मुंबईंतील जागा पुरेनाशी झाली तेव्हां, आलीं. पूर्वीं गांव ठाणें जिल्ह्यांत होतें. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. गांवाच्या नांवाचें रेल्वे स्टेशनहि आहे. परंतु तें वसई रोड-दिवा मार्गावर. तेथें थांबणाऱ्या गाड्या दिवसांतून मोजक्याच, आणि एक चुकली तर दुसरीची वाट पाहण्यांत अर्धें वर्तमानपत्र नव्हे, जाहिरातींसकट सगळें वाचून होतें. दादर-चर्चगेटकडे जाणारास रिक्षा करून नायगांव गांठावें लागतें.

पुतण्याचे पाय दोन्हीं मार्गांवर आहेत. कचेरी दादरास, म्हणून आठवड्याचे पांच दिवस नायगांव. आणि शनिवारीं गाण्याची शिकवणी डोंबिवलीस, म्हणून जूचंद्राहून गाडी धरून कोपरास उतरावयाचें. विरारहून मुंबईस पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजीं सुटली तेव्हां जावयास एक गाडी व यावयास एक, एवढें ध्यानांत ठेवलें कीं प्रवाशाचें काम झालें. आजच्या प्रवाशास मात्र कोणती गाडी जलद, कोणती नायगांवास थांबते, कोणती आज धांवतच नाहीं, हें घटकेघटकेस पाहावें लागतें. सचिन टेके यांनीं २०१० सालीं काढलेलें 'एम-इंडिकेटर' हें अ‍ॅप मुंबईच्या चाकरमान्यांच्या हातीं पंचांगासारखें झालें तें याच गरजेंतून. त्यांतील वेळापत्रक इंटरनेटवांचूनहि पाहतां येतें. आणि गाडी कोठें अडली आहे तें पुढच्या डब्यांतला अनोळखी प्रवासी मागच्या स्टेशनावरच्या अनोळखी प्रवाशास त्यांतूनच कळवितो. १ जुलै २०२५ रोजीं रेल्वेनें 'रेलवन' हें अ‍ॅप काढलें आणि तिकिटें, चौकशी, तक्रार अशा पुष्कळ सोयी एके ठिकाणीं आणल्या.

आमच्या वहिनींस हा युक्तिवाद पटला नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्याच्या खिशांत तीन महिन्यांचा पास आहे त्याला तिकिटाच्या अ‍ॅपचें काय अगत्य? गाड्यांचा कागद स्वयंपाकघराच्या दारामागें त्यांनींच चिकटवला आहे, आणि तो त्यांस तोंडपाठ आहे. दुकानदाराचे पैसे चुकते करण्याची अडचणहि त्यांनीं मोडून काढली; कारण साध्या फोनावरून पैसे देण्याची 'यूपीआय १२३पे' ही सोय ८ मार्च २०२२ रोजीं सुरू झाली आहे, आणि पुतण्या ती वापरतो. येथपर्यंत मला वहिनींचेंच म्हणणें बरोबर वाटत होतें. परंतु मागल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं रुळांवर पाणी चढलें, गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, आणि हा मुलगा रात्रीं पावणेबारास घरीं आला. त्याच्या डब्यांतील इतरांनीं फोनांत पाहून वाट बदलली होती. हा तेवढा कोरडी जागा धरून बसला होता. दारामागचा कागद त्या दिवशीं वहिनींनीं किती वेळां वाचला असेल कोण जाणे!

उलट बाजूनें एक भीति मलाच होती, आणि ती अजून गेलेली नाहीं. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ व २०२४ या दोन्हीं वर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत रूळ ओलांडतांना गेलेल्यांचा भरणा मोठा असतो. कानांत गाणें घालून रूळ ओलांडणारीं किंवा दारांत लोंबकळणारीं मुलें मीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. ज्या मुलाला गाण्याचें वेड आहे त्याच्या हातीं गाण्याची पेटीच द्यावयाची, आणि मग गर्दींत सावध राहा म्हणून सांगावयाचें, हें मला विसंगत वाटे. त्यावर तो म्हणाला, "काका, बटणांच्या फोनांतहि गाणीं असतातच कीं." मला उत्तर सुचलें नाहीं.

आतां गाण्याकडे वळूं, कारण खरा वाद तेथें झाला.

आमच्या वडिलांस, म्हणजे पुतण्याच्या आजोबांस, सारें घर अण्णा म्हणतें. त्यांचें वय चौऱ्याऐंशी. तरुणपणीं सांगलीस असतांना त्यांनीं दहा-बारा वर्षें गाणें शिकलें. पुढें नोकरी, संसार यांत तें पोटापुरतें नव्हे पण मनापुरतें टिकलें. त्यांचा तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं सरकारी भौगोलिक मानांकन मिळालें तेव्हां, जणूं तें आपल्याच तंबोऱ्यास मिळालें, अशा थाटांत अण्णांनीं पेढे वांटले. हा तंबोरा आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत कपाटाशेजारीं उभा असतो, आणि खाडीकडची दमट हवा त्याच्या तारांस मानवत नाहीं. सकाळीं लावला तर संध्याकाळीं उतरतो. पुतण्या कचेरींतून येतो साडेआठास. खुंट्या पिळून, जवारीचा दोरा सरकवून तंबोरा बोलता होईपर्यंत शेजारच्या बिऱ्हाडांत मुलांच्या निजण्याची वेळ होते. मग रियाज कसला!

या अडचणीवर यंत्राचा उतारा जुना आहे. बंगलोरच्या जी. राज नारायण यांनीं १९७९ सालीं विजेवर चालणारा श्रुतीचा डबा तयार केला, आणि नंतर तसले तंबोरे गवयांच्या मैफिलींतहि दिसूं लागले. पुढें तंबोरा व तबला दोन्हीं फोनांत आले. प्रसाद उपासनी यांचें 'आयतबलाप्रो' हें त्यांतलें नांवाजलेलें. पट्टी काळी एक घ्या कीं पांढरी एक, पंचम लावा कीं मध्यम, लय धिमी करा कीं द्रुत. बोट फिरविलें कीं झालें.

अण्णांनीं हें सारें ऐकून घेतलें व म्हणाले, "अरे, पेटीच्या वेळींहि असेंच सांगत होते." हा टोमणा ज्यांस कळणार नाहीं त्यांच्याकरितां सांगतों. आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीस आपलें दार बंद केलें आणि तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. आक्षेपांत अर्थ नव्हता असें नाहीं. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बांधलेले असतात. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यांतून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराहून सुमारें चौदा भाग चढा लागतो. कान तयार असणारास तें बोचतें. पण बंदीच्या त्या एकतीस वर्षांत पेटी घराघरांतून गेली नाहीं, आणि गवयांनींहि ती सोडली नाहीं.

फोनांतल्या तंबोऱ्याचा दोष निराळा. त्याचा सूर हवा तसा बारीक फिरवितां येतो. उणेपणा आहे तो आवाज बाहेर टाकणाऱ्या भोंग्यांत. पुरुषानें काळी एक धरली तर खर्जाची तार सेकंदास सुमारें एकोणसत्तर कंपनें करते. फोनाचा नखाएवढा भोंगा इतका खालचा नाद काढूंच शकत नाहीं. आपणांस खर्ज ऐकूं आल्यासारखा वाटतो, कारण वरचे उपस्वर ऐकून कान खालचा स्वर मनानें भरून काढतो. अण्णांस हें शास्त्र ठाऊक नव्हतें, परंतु पुतण्यानें मित्राचा फोन आणून वाजवून दाखविला तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "याला पोट नाहीं." तोच फोन जाड वायरीनें घरांतल्या मोठ्या स्पीकरास जोडला, तेव्हां त्यांनीं मान हलविली नाहीं, पण उठूनहि गेले नाहींत. आमच्या घरीं याला निम्मी संमति समजतात.

येथें खरेदी करणारांच्या उपयोगाची एक गोष्ट. दुकानांत बिनवायरीचे कर्णयंत्र गळ्यांत मारण्याची फार घाई असते. गाणें ऐकण्यास तें ठीक. गाण्याबरोबर गाण्यास मात्र घातक. बिनवायरीच्या मार्गानें आवाज कानाशीं यावयास बहुधा सेकंदाचा दहावा ते पांचवा भाग लागतो. हवेंतून नाद सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे तबलजीला चाळीस-पन्नास मीटर दूर, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, बसविल्यासारखें झालें. मिनिटास दोनशें चाळीस मात्रांची द्रुत लय घेतली तर एक मात्रा पाव सेकंदाची. तेव्हां अर्धी मात्रा वाटेंतच हरवते आणि सम गांठावी कशी? म्हणून वायर खुपसण्याचें भोंक असलेलाच फोन पाहावा असें पुतण्यानें ठरविलें होतें. महागड्या फोनांतून हें भोंक नाहींसें होत चाललें आहे, स्वस्तांत तें अजून सांपडतें. एवढ्यापुरता गरिबाचा फायदा.

खर्चाचा भाग थोडक्यांत. कपाटांतला जुना फोन काढून पाहिला तर त्याची बॅटरी फुगून पाठ उचकटलेली, आणि सुरक्षेच्या नव्या सुधारणाहि त्यास मिळेनाशा झालेल्या. थोरले बंधू हप्त्यांच्या विरुद्ध, मग वस्तु कोणतीहि असो. मीं सुचविलें कीं फोन आहे तोच ठेवावा आणि गाण्यापुरतें निराळें ध्वनिलेखन-यंत्र घ्यावें. पण बरें यंत्र घ्यावयाचें तर किंमत साध्या स्मार्टफोनाच्या जवळपास जाते, आणि त्यांत गाडी कोठें अडली तें दिसत नाहीं. प्रश्न तेथेंच लोंबकळत राहिला.

ज्येष्ठांत एका रात्रीं वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तो गाडीसाठीं मागत नाहीं आणि तंबोऱ्यासाठींहि नाहीं. तुम्हांला अजून उमगलें नाहीं?" अण्णा पौषांत खोकल्यानें तीन आठवडे अंथरुणावर होते. उठले, पण आवाज पूर्वीसारखा परतला नाहीं. वरच्या षड्जापाशीं तो फाटतो. त्यांच्या गुरूंकडून आलेल्या वीस-बावीस चिजा त्यांस येतात. कांहीं भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत निराळ्या पाठानें सांपडतात, कांहीं कोठेंच सांपडत नाहींत. अण्णांनीं त्या वहींत शब्दांनिशीं उतरविल्या आहेत. परंतु कोठें किती थांबावें, कोणता स्वर कोणत्या अंगानें घ्यावा, हें वहींत कसें मावणार? पुतण्या शनिवारीं जें शिकून येई तें रविवारीं आजोबांपुढें म्हणे, आणि ते अधूनमधून, "आमच्याकडे असें नाहीं," म्हणून स्वतः एखादी ओळ म्हणत. ती ओळ सोमवारच्या गाडींत त्यास आठवेनाशी होई. त्याच्या बटणांच्या फोनावर ध्वनिलेखन होतें. पण ऐकतांना आजोबा विहिरींतून बोलत आहेत असें वाटे. आजोबांस ऐकावयास जाऊं नये म्हणून त्यानें हें कारण उच्चारलें नव्हतें.

त्यानंतर वाद राहिला नाहीं. आषाढांत बाराएक हजारांचा फोन रोख पैशानें आला. अटी वहिनींनीं घातल्या: गाडीच्या दारांत आणि फलाटावर कानांत कांहीं नाहीं, जेवतांना फोन फडताळांत, कामाखेरीज दुसरीं अ‍ॅपें नाहींत. तिसरी अट महिनाभर पुरी पाळली गेली, मग थोडी सैलावली. पहिली पाळली जाते असें तो सांगतो आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतों. त्याचा नंबर साध्या फोनांतच राहिला आहे, कारण त्याची बॅटरी चार-चार दिवस पुरते. नवा फोन दुसऱ्या नंबरावर चालतो.

ध्वनिलेखनाचा हिशेब त्यानें मला कागदावर करून दाखविला. आवाज कसलीहि काटछांट न करतां, तबकडीच्या दर्जाचा, एका वाहिनीवर घेतला तर मिनिटास सव्वापांच एमबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे तासास सुमारें ३१७. तोच दाबून लहान केला तर साठाच्या आंत बसतो. त्यानें पहिला मार्ग धरला आहे, आणि प्रत्येक चिजेची एक प्रत थोरल्या भावाच्या संगणकावर ठेवतो. फोन हरवतो, पडतो, पाण्यांत जातो. फोन जमिनीवर न ठेवतां उशीवर, अण्णांपासून दोन हातांवर ठेवल्यास आवाज स्वच्छ येतो, हें पांच-सहा रविवार घालवून कळलें. पंखा बंद करावा लागतो, आणि जूचंद्राकडून जाणारी मालगाडी मधेंच आली तर पुन्हां सुरुवात.

अण्णांनीं आपला आवाज यंत्रांतून असा निवांत पूर्वीं कधीं ऐकला नव्हता. पहिली चीज ऐकवली तेव्हां ते डोळे मिटून बसले. आम्हांस वाटलें, भरून आलें. संपल्यावर म्हणाले, "अंतऱ्यांत गंधार चुकला. पुसून टाक, पुन्हां म्हणतों." पुतण्यानें पुसलें असें सांगितलें व पुसलें नाहीं. दुसऱ्या रविवारीं पुन्हां म्हटली. तेव्हां गंधार बरोबर आला पण श्वास पुरला नाहीं. तिसऱ्यांदा त्यांनीं खरा तंबोरा लावावयास सांगितला, आणि त्यासाठीं अर्धा तास पुतण्यानें खुंट्या पिळल्या. आतां त्या एका चिजेच्या तीन प्रती आहेत, आणि खरी कोणती समजावी यावर आजा-नातवांचें अजून एकमत झालेलें नाहीं.